आलवणातली हेर आणि तिच्या मागावरचा फौजदार: युद्धकाळातली प्रेमकथा कशी लिहावी

दर शनिवारी माझ्याकडे कथालेखन शिकायला सात-आठ जण येतात. यंदा त्यातल्या तिघांनी, एकमेकांना न विचारता, एकच विषय आणला. युद्ध चालू आहे, वेष पालटलेली एक हेर आहे, तिला पकडायला निघालेला एक माणूस आहे आणि दोघांचं एकमेकांवर मन बसतं. तिन्ही कथा मी दोन-दोनदा वाचल्या. तिन्हींत नायिका देखणी होती आणि दुसऱ्या भेटीतच दोघं विरघळली होती. युद्ध मात्र कुठे दिसलं नाही.

हा विषय माझ्या फार जवळचा आहे. १९४२ सालच्या पुण्यात घडणाऱ्या अशाच एका दीर्घकथेवर मी दोन वर्षं घालवली. वर्गात तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं ते इथे सलग लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. मागावर असलेला माणूस त्या बाईकडे जितकं लक्ष देऊन पाहतो तितकं तिच्या घरातलंही कोणी पाहत नसतं. ती कुठल्या पायाने पायरी चढते, मोड घेताना नाणी मोजते की तशीच कनवटीला लावते, देवळात कुठे बसते, हे त्याला पाठ असतं. हे त्याचं काम आहे आणि ते करता करता त्याचं काय होतं, ही तुमची कथा. तेव्हा दोघांना एका खोलीत आणायची घाई करू नका. निम्मी कथा होईपर्यंत त्याने तिला लांबूनच पाहावं.

आधी आठवडा ठरवा

‘युद्धाचा काळ’ एवढ्यावर भागत नाही. कुठला महिना, कुठली तिथी, हे ठरवा. माझी कथा ९ ऑगस्ट १९४२ ला सुरू होते आणि त्रिपुरी पौर्णिमेला, म्हणजे त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, तिचा मुख्य प्रसंग घडतो. या साडेतीन महिन्यांत पुणं कसं होतं ते पाहा. गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते आणि १५ ऑगस्टला महादेवभाई तिथेच गेले. लष्कराची मोठी छावणी पुण्यात, १८६९ पासूनचा दारूगोळ्याचा कारखाना खडकीत. मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सोबती भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवत होते, तो १२ नोव्हेंबरला पकडला गेला. आणि पुढच्या जानेवारीत, २४ तारखेला, पुण्याच्या कॅम्पातल्या कॅपिटॉल थिएटरात, म्हणजे आजच्या व्हिक्टरीत, बॉम्बस्फोट झाला. तुमच्या पात्रांना जानेवारी ठाऊक नाही, तुम्हाला ठाऊक आहे. त्या धास्तीची सावली कथेवर पडू द्या, पण तिच्याकडे बोट दाखवू नका.

मग बारीकसारीक तपासणी. माझ्या पहिल्या खर्ड्यात नायिका फाटकं लुगडं नेसून डेक्कन क्वीनच्या तिसऱ्या वर्गात बसली होती. ती कथा एका दिवाळी अंकात तशीच छापून आली आणि रेल्वेत नोकरी केलेल्या एका आजोबांचं कार्ड आलं. १ जून १९३० ला सुरू झालेल्या डेक्कन क्वीनला तिसरा वर्ग १९५५ मध्ये जोडला, असं त्यांनी लिहिलं होतं. म्हणजे माझी गरीब म्हातारी त्या गाडीत चढली असती तर सी.आय.डी.ची गरजच नव्हती, पहिल्या तिकीट तपासनिसानेच तिला खाली उतरवलं असतं. ते कार्ड मी अजून जपून ठेवलंय. त्याच कथेत मी तिच्या हातात भोकाचा पैसाही दिला होता. भोकाचा पैसा १९४३ मध्ये आला. ४२ सालच्या बाईकडे तो असूच शकत नाही.

दोघांच्या भेटी सारसबागेत ठेवू नका, ती बाग १९६९ ची, तोवर तिथे तळ्यातला गणपतीच होता. झेड ब्रिज तर फारच अलीकडचा. भाजी किलोने विकू नका, शेर आणि पावशेर म्हणा. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. नदीकाठचं पुणं १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात पार बदललं, त्यामुळे आज ओंकारेश्वराजवळ उभं राहून जे दिसतं त्यावर विसंबू नका. जुने नकाशे बघा. नगर वाचन मंदिरात किंवा केसरीवाड्यात जुनी वर्तमानपत्रं मिळतात का ते विचारा आणि बातम्यांपेक्षा जाहिराती जास्त वाचा. माणसं काय खात होती, काय विकत घेत होती, कशाने आजारी पडत होती, ते जाहिरातीत असतं.

एक तपशील मला असाच सापडला आणि त्याने माझी कथा उभी केली. १ सप्टेंबर १९४२ पासून युद्धासाठी देशभरातली घड्याळं एक तास पुढे केली होती, ती १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत तशीच राहिली. सरकारी कचेरीत नवी वेळ. देवळातला पुराणिक मात्र सूर्याकडे बघून पोथी उघडणार. माझा फौजदार नव्या वेळेने साडेपाचला देवळात येऊन बसतो आणि बाया जुन्या वेळेने साडेपाचला येतात. मधला एक तास तो रिकाम्या मंडपात बसून असतो. त्या तासात त्याला पहिल्यांदा कळतं, की आपण संशयिताची वाट पाहत नाही आहोत. असा तास कल्पनेने सुचत नाही. तो शोधावा लागतो.

वेषाची किंमत

वेष म्हणजे कपडे नव्हेत. ज्या वेषासाठी काहीही द्यावं लागत नाही, तो वाचकाला खरा वाटत नाही.

दुसऱ्या महायुद्धात व्हर्जिनिया हॉल नावाची अमेरिकन हेर होती. एक पाय गुडघ्याखाली लाकडाचा. १९४४ मध्ये ती फ्रान्समध्ये परत गेली ती खेडवळ म्हातारी बनून. घोळदार घागरे आणि पाय घासत चालणं. लंगडणं लपवता येत नव्हतं, म्हणून तिने ते म्हातारपणाच्या चालीत मुरवून टाकलं. यातून एक युक्ती घ्या: जे लपवता येत नाही ते वेषाचाच भाग करून टाका.

आपल्याकडे तर हे फार जुनं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांच्या प्रकारांत परिव्राजिका येते: गरीब, विधवा, धीट, ब्राह्मण बाई, जिला मोठ्यांच्या घरात मुक्त वावर आहे. आणि लगेच पुढे मुंडन केलेल्या स्त्रियांचाही उल्लेख आहे. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण माझ्या आजीच्या बहिणीला मी लहानपणी पाहिलं होतं, आलवणात, म्हणजे केशवपन केलेल्या विधवेच्या तांबड्या लुगड्यात. सकाळपासून रात्रीपर्यंत घरात वावरायची आणि पाहुण्यांना तिचा चेहरा आठवायचा नाही. सोवळ्या बाईकडे बघायचं नसतं, हे प्रत्येकाला शिकवलेलं. एवढा चांगला आडोसा कुठला शिंपी शिवून देणार?

म्हणून माझी मथुरा, वय बत्तीस, आलवण नेसते. आणि इथे किंमत येते. तिला केस काढावे लागतात. मी पहिल्यांदा तिला टोप दिला होता, मग फाडून टाकलं. आलवणाच्या पदराखाली टोप कसा टिकणार? आणि एकदा काढून भागत नाही. केस महिन्याला अर्धा इंच वाढतात, म्हणजे दर पंधरवड्याला न्हावी आलाच. न्हाव्याच्या हाताला कळतं, की हे डोकं जन्मभर केसांखाली होतं. मळवटापर्यंत कपाळ उन्हाने रापलेलं आणि त्याच्यावर एकदम पांढरी, नवी कातडी, मध्ये रेघ मारल्यासारखी. तो न्हावी काही बोलत नाही. दुसऱ्या खेपेला येताना थोडं खोबरेल आणि हळद घेऊन येतो आणि उन्हात बसायला सांगतो. त्याला मी चारच वाक्यं दिली आहेत. वाचक मला नायकाच्या आधी त्याच्याबद्दल विचारतात.

अजून एक अडचण होती. ४२ साली शहरात तरुण विधवेचं केशवपन जवळजवळ राहिलेलं नव्हतं, विधवांसाठी कर्व्यांची संस्था निघून तेव्हा चाळीसहून अधिक वर्षं झाली होती. मग मथुरेला कोकणातल्या आडगावातून आणावं लागलं, वय पंचेचाळीस सांगावं लागलं आणि एक नात्यातला वाडा शोधावा लागला. वेष निवडला की त्याच्या शंका तुम्ही स्वतः काढा. वाचकाने काढायच्या आत.

वेषात एकच चूक ठेवा. दहा नको. आणि ती चूक अशी हवी, की ती फक्त त्यालाच दिसेल. वर्गातल्या एका मुलाची नायिका मावळातल्या भाजीवालीच्या वेषात मंडईत बसते, डोक्यावर इरलं, पुढ्यात पालेभाजी. गिऱ्हाइकाशी बोलताना सगळं नीट, पण भाजीवर पाणी मारायला सांगताना ती ‘पाणी’ म्हणते, मावळातली बाई ‘पानी’ म्हणाली असती. हे छान आहे, पण ते मंडईतल्या कोणालाही कळेल. मी त्याला म्हटलं, तुझ्या शिपायाची आई मावळातली असू दे. मग तो एक ‘ण’ त्याच्या कानाला टोचेल.

मथुरेची चूक अशी. देवळाबाहेर फुटाणेवाल्याकडून ती मोड घेते आणि त्याच्या हातातून सरळ आपल्या हातात घेते. सोवळ्यातली बाई हात लागू देत नाही. ती म्हणते, “खाली ठेवा,” किंवा “वरून टाका.” फौजदार दामले चार पावलांवर उभा आहे. त्याला सांभाळलं ते त्याच्या सोवळ्या आत्याने. बारा वर्षं तो तिच्या ओंजळीत वरूनच पैसे टाकत आला आहे. आपला स्पर्श त्या ओंजळीला होऊ नये म्हणून त्याचा हात अजूनही आपोआप वर थांबतो. आणि ही बाई सहज हात पुढे करते. दुसरा कोणीही ते पाहून विसरला असता.

तो

फौजदाराला राक्षस करू नका आणि एका नजरेत देशभक्तही करू नका. पगार किती, घरी कोण, धाकट्या भावाची फी कोण भरतं, हे लिहून काढा, कथेत आलं नाही तरी. हजारो मराठी माणसं तेव्हा पोलिसात होती, घरी चूल पेटत होती आणि बाहेर आपल्याच माणसांवर लाठी उगारावी लागत होती. दामले आपलं काम नीट करणारा माणूस आहे. काम नीट करतो म्हणून तर तो तिला इतकं नीट पाहतो. आळशी फौजदार प्रेमात पडला नसता.

त्याच्या मनात शिरायला मला त्याच्या रोजच्या रिपोर्टचा उपयोग झाला. सुरुवातीचे रिपोर्ट कोरडे: इसम अमुक, वेळ अमुक, कोणाशी बोलणे नाही. मग ते लांबत जातात. “उजव्या पायाने पायरी चढते. पुराण चालू असता वाती वळते. वळताना ओठ हलतात.” सरकारला या ओठांचं काय करायचं आहे? तो लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो. आणि ज्या दिवशी त्याला ते नाण्याचं कळतं त्या दिवशीचा रिपोर्ट तीन शब्दांचा आहे: “विशेष काही नाही.” वर्गात हे वाचून दाखवलं तेव्हा कोणीतरी म्हणालं, हेच त्याचं प्रेमपत्र. मी तसं कुठे लिहिलं नव्हतं, पण लिहिताना मला तेच हवं होतं.

बोलणं

आपल्या भाषेने या कथेसाठी एक मोठी सोय करून ठेवली आहे, ती वाया घालवू नका. तो तिला काय म्हणतो? वेषाला ‘काकू’ म्हणतो, अहोजाहो करतो. ती त्याला, वयाने मोठी असल्याच्या बहाण्याने, ‘अरे’ म्हणू शकते. खऱ्या आयुष्यात ती त्याला कधीच अरेतुरे करू शकली नसती. “अरे, छत्री नाही का आणलीस?” एवढं ती वेषाच्या आडून बोलते आणि मग रात्रभर तिला वाटत राहतं, की हे आपणच बोललो. वेष उतरल्यावर ती ‘तुम्ही’वर येते. म्हणजे जवळीक वाढते तसं संबोधन लांब जातं. मला हा उलटा प्रवास फार आवडतो. मराठीत लिहिणाऱ्यालाच तो सापडतो.

‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य ४२ सालच्या त्या दोघांच्या तोंडी येत नाही. काढून टाका. जागा रिकामी वाटली तर तिथे एखादी वस्तू ठेवा.

वातीचा प्रसंग

आता मुख्य गोष्ट. तो तिला पकडू शकतो, तोवर तिच्या होकाराला अर्थ नाही. बेड्या त्याच्या खिशात असताना ती हसली तर ती घाबरून हसली की मनापासून, हे तुम्हालाही ठरवता येणार नाही. या प्रकारच्या बहुतेक कथा इथेच मला खोट्या वाटतात. तेव्हा प्रेम उघड होण्याआधी त्याचाही जीव तिच्या हातात जाईल असं काहीतरी घडवा. तराजूची दोन्ही पारडी सारखी झाली, की मग बोलू दे त्यांना.

माझ्या कथेत ते वातीने होतं. पुराण ऐकत बसलेल्या बाया वाती वळतात, तेव्हा कोणाच्या मांडीवर कापूस आहे याकडे कोणाचं लक्ष जात नाही. मथुरा पातळ कागदाची पट्टी, करंगळीच्या नखाएवढी रुंद, वातीत घालून वळते. खडकीहून कुठली मालगाडी कुठल्या रात्री सुटणार, हे त्या पट्टीवर. त्रिपुरी पौर्णिमेला साडेसातशे पदरांची त्रिपुरवात लावतात, जाड आणि तुपात भिजवलेली, तिच्यात पट्टी सहज मावते. ती परडीत ठेवायची, ठरलेली बाई ती उचलून नेणार.

हे मी स्वतः करून पाहिलं, आणि तुम्हीही अशी प्रत्येक गोष्ट हाताने करून पाहा. कागद घातलेली वात बोटाला लगेच कळते. नुसती वात दाबली की दबते, ही मध्ये ताठ राहते, ओल्या शेंगेतल्या शिरेसारखी. लावली की नीट तूप ओढत नाही, ज्योत थरथरते, एक-दोनदा तडतडते. कापूस जळून मऊ राख होतो, कागदाची मात्र काळी पापडी ज्योतीत उभी राहते, वळते आणि मग मोडते. पहिल्यांदा ती पापडी पाहिली तेव्हा मला माझा प्रसंग मिळाला.

त्रिपुरीची रात्र, पौर्णिमा असल्याने लपायला अंधार नाही. दीपमाळ पेटलेली. दामल्याच्या मागे त्याचा जमादार उभा, झडती घ्यायचा हुकूम घेऊन. दामले परडीतल्या वाती एकेक दाबून पाहतो. पाचवी ताठ लागते. त्याचं बोट तिथे थांबतं, तिचे डोळे त्या बोटावर. जमादार विचारतो, “काय आहे, साहेब?” तो म्हणतो, “वाती आहेत.” आणि तिच्याकडे न बघता, “काकू, ही एक मी लावू?” ती म्हणते, “लावा.” अरे नाही, लाव नाही. लावा. पहिल्यांदाच.

तो वात लावतो आणि काळी पापडी मोडेपर्यंत ज्योतीच्या आणि जमादाराच्या मध्ये उभा राहतो.

इथे एक काळजी घ्या. प्रेमापायी तिचं काम बुडालं असं करू नका. तिने जन्म पणाला लावलाय, डोकं भादरलंय. पट्टीवरचा मजकूर तिला आधीच तोंडपाठ होता, विष्णुसहस्रनामाच्या चालीवर. ती ओठ हलवायची ते त्यासाठी. निरोप पोचतो. आणि तो पोचला हे दामल्याला दोन दिवसांनी कचेरीत कळतं, तेव्हा आपण काय जाळलं आणि काय जाळू शकलो नाही, हेही त्याला कळतं. त्याला वाईट वाटतं का? मी ते लिहिलेलं नाही. तो त्या दिवशी जेवत नाही, एवढंच लिहिलंय.

शेवट

१५ ऑगस्ट १९४७ ला शनिवारवाड्यासमोर, झेंड्यांच्या गर्दीत दोघं भेटतात, हा शेवट तिघांपैकी दोघांनी लिहिला होता. मी त्यांना दुसरा शोधायला सांगितलं. युद्ध संपलं म्हणून त्यांच्यातला हिशेब संपत नाही. तुमच्या कथेच्या सुरुवातीला परत जा आणि तिथली एखादी बारकी वस्तू शोधा, जी आता वेगळ्या अर्थाने येऊ शकेल.

माझी कथा १९४३ च्या उन्हाळ्यात संपते. दामल्याने नोकरी सोडलेली आहे, आप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकांच्या एका दुकानात तो हिशेब लिहितो. दुपारी एक बाई येते, गोल पातळ, पदर डोक्यावरून घट्ट. शाईची दौत घेते, रुपयाची नोट पुढे करते. पदर जरा सरकतो. खाली केस आहेत, चार बोटांचे, मुलाच्या केसांसारखे उभे. मोडीचे पैसे घेऊन त्याचा हात काउंटरवर येतो आणि सवयीने हवेत थांबतो.

“वरून टाकू?” तो विचारतो.

ती हात पुढे करते.